बेघरांना जेवण देतो, पण मैत्री करतो का?

ओसरी

जवळपास प्रत्येक ख्रिस्ती मंडळीचं बेघर लोकांसाठी काही ना काही चालू असतं. कुठे ठरलेल्या दिवशी जेवण, कुठे थंडीत पांघरुणं, कुठे जुने कपडे. त्याची टिंगल करायला हा धागा काढलेला नाही. पण एक गोष्ट खटकते. टेबलाच्या अलीकडे 'आपण', पलीकडे रांगेत 'ते', आणि वर्षानुवर्षं कोणीच टेबल ओलांडत नाही. वाढणाऱ्याला समोरच्याचं नाव माहीत नसतं. रांगेतला माणूस वाढणाऱ्याचं नाव विचारायला कचरतो. रविवारी यातलं कोणी उपासनेला आलंच तर दाराजवळच्या बाकावर बसतं, आणि आपल्याला ते सोयीचंच वाटतं.

शास्त्रात मला असं दिसत नाही. लूक १४ मध्ये येशू ज्याच्या घरी जेवायला गेलाय त्यालाच सांगतो, की मित्र, भाऊबंद, श्रीमंत शेजारी यांना बोलावू नकोस, ते उलट बोलावून फेड करतील. गरीब, लंगडे, आंधळे यांना बोलाव. बोलाव म्हणतो, जेवण पोचतं कर म्हणत नाही. याकोबाच्या पत्रात तर बसायच्या जागेवरूनच खडसावलंय: सोन्याची अंगठी घालून आलेल्याला चांगली जागा आणि मळक्या कपड्यातल्याला 'तू तिथे उभा राहा'. करिंथ शहरातल्या मंडळीवर प्रेषित पौल चिडला तोही याच कारणाने. काही जण आधीच खाऊन मोकळे, काही उपाशी, आणि वर नाव प्रभुभोजनाचं, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण करण्याच्या विधीचं. शिवाय डोकं टेकायला जागा नाही हे येशूने स्वतःबद्दलच सांगितलेलं आहे (लूक ९:५८). म्हणजे आपण ज्याची उपासना करतो तो रांगेच्या त्या बाजूचा.

हे फक्त बोलण्यापुरतं नाही, लोकांनी करून पाहिलेलं आहे. डोरोथी डे आणि पीटर मॉरिन यांनी १ मे १९३३ रोजी न्यूयॉर्कमध्ये 'कॅथलिक वर्कर' हे वृत्तपत्र काढलं. मंदीचा काळ, अंकाची किंमत एक सेंट. मॉरिन त्यात लिहायचे, की ख्रिस्ती लोकांनी पाहुणचाराची घरं उघडावीत. ते वाचून लोक खरोखरच दारात येऊन उभे राहिले, तेव्हा घरं भाड्याने घेणं भाग पडलं. त्या घरांत राबणारे आणि आसऱ्याला आलेले एकाच छपराखाली राहत. एका समाजसेविकेने विचारलं, यांना किती दिवस राहू देता? डे यांचं उत्तर होतं, कायमचं. ते आमच्यात राहतात, आमच्यातच मरतात, आणि आम्ही त्यांना ख्रिस्ती रीतीने माती देतो. हे सगळं गोडगोड चाललं नव्हतं. गोंगाट, वास, चोऱ्या, स्वतःसाठी कोपरा न मिळणं, यावर बाईंनी हातचं न राखता लिहिलंय.

मला वाटतं, मैत्री आहे की नाही हे आपण काय देतो यावरून कळत नाही. समोरचा माणूस आपल्याला काही देऊ शकतो का, आपल्याला नाही म्हणू शकतो का, आपल्यावर चिडून पुढच्या वेळी पुन्हा येऊ शकतो का, यावरून कळतं. तुमच्या मंडळीत असं काही घडतं का? अडचणी काय येतात? पाळक, स्वयंसेवक, टीकाकार, सगळ्यांनी लिहा.

पाऊलखूण

वाचनखूण साठवली. दाराजवळच्या बाकाचं अगदी खरं. आमच्याकडे त्या बाकाला कोणी नाव दिलेलं नाही, पण तो कोणाचा हे सगळ्यांना माहीत आहे.

सरळरेघ

धागा चांगला, पण मला यात धोका दिसतो. बेघर माणसाला सर्वांत आधी काय हवं? घर. मित्र नंतर. मैत्रीच्या गप्पा मारणाऱ्या मंडळींना बहुतेकदा हा प्रश्न टाळायचा असतो, कारण घराला पैसा लागतो, जमीन लागते, सरकारशी भांडावं लागतं. गप्पा फुकट असतात.

१९९२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये मानसशास्त्रज्ञ सॅम त्सेंबेरिस यांनी उलटा क्रम लावून दाखवला. आधी व्यसन सोड, औषधं घे, लायक हो आणि मग घर, हे सोडून दिलं. आधी किल्ली हातात, बाकीची मदत त्यानंतर आणि माणसाच्या मर्जीने. फिनलंडने २००८ पासून हेच राष्ट्रीय धोरण केलं आणि तिथे दीर्घकाळ बेघर असणाऱ्यांची संख्या खरोखर घटली. हेलसिंकीतलं मुक्तिफौजेचं मोठं वसतिगृह रीतसर भाडेकराराच्या स्वतंत्र सदनिकांत बदललं गेलं. एका ख्रिस्ती संस्थेने खाटा काढून दारं बसवली, याला मी सेवा म्हणेन.

ओसरी

सरळरेघ, घराच्या मुद्द्यावर शंभर टक्के सहमत. मैत्री हा घराला पर्याय आहे असं कोणी म्हणत असेल तर मीही तुमच्या बाजूने भांडेन. पण किल्ली मिळाल्यावरची पहिली रात्र कशी असते हे अशा कामातल्या कोणालाही विचारा. रस्त्यावर निदान ओळखीचे चार जण होते, इथे चार भिंती. काही जण घर असूनही जुन्या जागी जाऊन बसतात. तिथे कोणीतरी दार वाजवणारं लागतं, आणि ते काम सरकारी योजनेकडून होत नाही.

खरा मित्र असेल तर तो घरासाठी अर्ज भरायला, कार्यालयात हेलपाटे घालायला सोबत जाईलच. मित्र रस्त्यावर झोपतोय आणि मला त्याचं काही वाटत नाही, ही कसली मैत्री?

तिसरी_घंटा

या वादात जोसेफ व्रेझिन्स्की यांचं नाव यायलाच हवं. स्वतः गरिबीत वाढलेले फ्रेंच धर्मगुरू. १९५६ मध्ये पॅरिसजवळच्या नुआझी-ल-ग्रां इथल्या बेघर कुटुंबांच्या वस्तीत राहायला गेले. कुटुंबं अर्धगोल 'इग्लूं'मध्ये, चिखलात राहत होती. तिथे गेल्यावर त्यांनी केलेली एक गोष्ट लोकांना आजही पचत नाही: त्यांनी मोफत सूप आणि कपड्यांचं वाटप थांबवलं. त्याऐवजी वाचनालय, बालवाडी आणि प्रार्थनाघर उभं केलं. त्यांचं म्हणणं, भिकेने या लोकांची मान आणखी खाली जाते. मान वर करायची तर त्यांच्यासोबत काही उभं करावं लागेल. १९५७ मध्ये वस्तीतल्या कुटुंबांबरोबरच त्यांनी संघटना काढली, तीच पुढे 'एटीडी फोर्थ वर्ल्ड' झाली. १७ ऑक्टोबर १९८७ ला पॅरिसच्या त्रोकादेरो चौकात गरिबीच्या बळींच्या स्मरणार्थ शिळा बसवली गेली. तीच तारीख १९९२ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी गरिबी निर्मूलनाचा आंतरराष्ट्रीय दिवस म्हणून स्वीकारली.

मला स्वतःला वाटप बंद करणं जरा कठोरच वाटतं. उपाशी माणसाला पुस्तक द्यायचं म्हणजे... पण वस्तीतच मुक्काम टाकलेल्या माणसाने घेतलेला निर्णय आणि बाहेरून कोणी घेतलेला निर्णय यांत फरक आहे, एवढं मान्य.

पांढरी_टोपी

मी नर्स आहे. माझ्या पेशातली एक गोष्ट सांगते.

१९८५ मध्ये बॉस्टनच्या पाइन स्ट्रीट इन या निवाऱ्यातल्या दवाखान्यात जिम ओ'कॉनेल नावाचे तरुण डॉक्टर नव्याने दाखल झाले. तिथल्या नर्स बार्बरा मॅकिनिस यांनी त्यांना आधी स्टेथोस्कोप बाजूला ठेवायला लावला आणि लोकांचे पाय धुवायला बसवलं. पाण्याचा टब, समोर खुर्चीवर बेघर माणूस, खाली जमिनीवर डॉक्टर. रस्त्यावर राहणाऱ्याचे पाय ही वैद्यकीय दृष्टीनेही मोठीच गोष्ट असते. सतत ओले मोजे, न बदललेले बूट, सूज, जखमा, त्यात मधुमेह असेल तर बोट किंवा पाऊल गमावायची वेळ येते. पण नर्सेसचा हेतू वेगळा होता. डॉक्टर वरून बोलतो आणि रुग्ण खाली मान घालून ऐकतो, ही मांडणीच त्यांनी उलटी केली. जे लोक कित्येक वर्षं दवाखान्याला घाबरून होते ते पाय टबात घालून हळूहळू बोलायला लागले.

वधस्तंभाच्या आदल्या रात्रीची आठवण म्हणून आपल्या चर्चमध्ये वर्षातून एकदा पाय धुण्याचा विधी होतो. त्या दिवशी सगळे घरून पाय स्वच्छ धुऊन येतात. माझं म्हणणं एवढंच.

पाऊलखूण

पांढरी_टोपी, शेवटचं वाक्य __/\__

विवेकी_वाचक

मी ख्रिस्ती नाही, त्यामुळे आधीच माफी असावी. पण कोणीतरी विचारायलाच हवं: या मैत्रीमागे धर्मप्रसाराचा गळ नाही कशावरून? जेवणाआधी प्रवचन ऐकावं लागतं, आसऱ्यासाठी उपासनेला हजेरी लावावी लागते, असे प्रकार जगभर झालेत. पोट रिकामं असलेल्या माणसाच्या होकाराला काय अर्थ?

द्राक्षमळा

झाला का पाहुण्यांचा बाण सुटून! जिथे तिथे हाच आरोप. तुमच्यापैकी किती जण रस्त्यावरच्या माणसाजवळ बसतात ते आधी सांगा.

संपादक मंडळ

द्राक्षमळा, प्रश्न रास्त आहे आणि सभ्य भाषेत विचारलाय. उत्तर द्यायचं तर मुद्द्यावर द्या.

ओसरी

विवेकी_वाचक, माफीची गरज नाही. माझं मत स्पष्ट आहे. जेवण, पांघरूण, निवारा यांना प्रार्थनेची अट घातली की ती वसुली होते. येशूने दहा कुष्ठरोग्यांना बरं केलं, परत एकच आला, आणि उरलेल्या नऊ जणांचं बरेपण काही त्याने काढून घेतलं नाही.

द्राक्षमळा

ठीक आहे, मुद्द्यावर येतो. अट नको, मान्य. पण म्हणून सुवार्तेबद्दल तोंडच उघडायचं नाही, हेही मला खोटं वाटतं. माझ्या आयुष्यातली सर्वांत मोठी गोष्ट मी मित्रापासून लपवून ठेवायची? मग तो मित्र कसला?

मुक्काम_पोस्ट

बराच वेळ नुसता वाचत होतो. मी काही वर्षं रस्त्यावर काढली आहेत. आता घर आहे. कुठलं शहर, का, कसं, ते इथे लिहिणार नाही. कृपया विचारू नका, कारण त्याबद्दलच पुढे लिहितोय.

द्राक्षमळा दादा, सांगा की सुवार्ता. पण मला ती माहीतच नाही असं धरून का सांगता? मी लहानपणापासून प्रार्थना करत आलोय आणि बाहेर झोपायचो तेव्हा तर जास्तच केली. रात्री सामान उशाशी घेऊन एक डोळा उघडा ठेवून पडलेल्या माणसाची स्तोत्रं फार लवकर पाठ होतात. इतक्या लोकांनी मला येशूबद्दल सांगितलं. मला येशूबद्दल काय वाटतं, हे विचारणारे फार थोडे भेटले.

दुसरं, साक्ष. मंडळीत पाऊल टाकलं की थोड्याच दिवसांत कोणीतरी म्हणतं, भाऊ, तुमची साक्ष द्या ना. म्हणजे तुमच्या पडझडीची गोष्ट माइकवर सांगा, लोक डोळे पुसतील, देणग्या येतील. बाकीच्यांना कोणी विचारतं का, तुमचा संसार कसा मोडला ते उभं राहून सांगा म्हणून? मित्राची गोष्ट मित्र सांगेल तेव्हा ऐकायची असते. फोटोंचंही तेच. हातात ताट घेतलेला माझा फोटो कुठल्या तरी पत्रकात छापलेला मी स्वतः पाहिलाय.

तिसरं, माणसं बदलत राहतात. उत्साहाने येतात, नाव विचारतात, जिव्हाळ्याने बोलतात आणि परीक्षा, लग्न, बदली असं काहीतरी होऊन न सांगता गायब होतात. आमच्या बाजूने बघा: आधीच घरदार, नातेवाईक सुटलेले, त्यात हे. येणं जमणार नसेल तर निरोप घ्या. नाहीतर सुरुवातीलाच सांगा की मी दोनच महिने आहे. चालतं. आम्हाला निरोपांची सवय असते, गायब होण्याची नाही होत.

चांगलं काय वाटलं तेही सांगतो. एका चर्चमध्ये एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी मला कधीच काही दिलं नाही. उपासना संपली की म्हणायचे, चला, खुर्च्या उचलू लागा. मग आम्ही दोघं खुर्च्या रचायचो आणि ते त्यांच्या गुडघ्यांची तक्रार करायचे. एवढंच. त्या चर्चमध्ये मी जात राहिलो.

विवेकी_वाचक

मुक्काम_पोस्ट, माझ्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याकडून मिळालं. धन्यवाद.

तिसरी_घंटा

खुर्च्यांवरून 'एम्माउस' या बेघरांसोबत काम करणाऱ्या फ्रेंच चळवळीची सुरुवात आठवली. १९४९ मध्ये तिचे संस्थापक, धर्मगुरू आबे पिएर यांना जॉर्ज नावाचा एक माणूस भेटला. तुरुंगातून सुटलेला, आत्महत्येचा प्रयत्न केलेला. ते त्याला म्हणाले, की तुला द्यायला माझ्याकडे काही नाही, पण घरं बांधायच्या कामात मला माणूस हवाय, येशील का? तो आला. मदत मागून त्यांनी त्याला जगवलं. पुढे १ फेब्रुवारी १९५४ ला कडाक्याच्या थंडीत त्यांनी रेडिओवरून आवाहन केलं आणि सारा फ्रान्स हलला.

सरळरेघ

आणि तेवढ्यावर थांबू नका. जुलै २०२४ मध्ये खुद्द एम्माउसनेच अहवाल प्रसिद्ध करून आबे पिएर यांच्यावरचे स्त्रियांच्या लैंगिक छळाचे आरोप जगासमोर ठेवले. नंतर आणखी तक्रारी पुढे आल्या. लार्शचे संस्थापक जाँ व्हानिए यांचं तेच. मतिमंद व्यक्तींसोबत एका घरात राहण्याची कल्पना १९६४ पासून जगभर नेणारा माणूस, आणि २०२० मध्ये संस्थेच्याच चौकशीत निघालं की आध्यात्मिक मार्गदर्शनाच्या नावाखाली त्यांनी स्त्रियांचं शोषण केलं. 'मैत्री', 'समुदाय', 'घर' हे शब्द ज्यांनी सर्वांत सुंदर वापरले त्यांच्याबद्दल बोलतोय मी.

बेघर माणसाकडे तक्रार करायला जागा नसते, आणि त्याचं ऐकून कोण घेतं? त्यामुळे मैत्री हवी असेल तर नियम हवेत. एकट्याने कोणाला घरी न्यायचं नाही, हिशोब उघडा हवा, तक्रार नेमकी कोणाकडे करायची ते भिंतीवर लिहिलेलं हवं, आणि तो माणूस संस्थापकाचा चेला नसावा.

पांढरी_टोपी

सरळरेघ, एक विनंती, 'मतिमंद' ऐवजी 'बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्ती' लिहाल का. बाकी मुद्द्याला पूर्ण पाठिंबा. रस्त्यावरच्या स्त्रियांच्या बाबतीत तर हे जास्तच लागू आहे. त्यांच्याशी गोड बोलणाऱ्याला काय हवं असतं, याचा त्यांचा अनुभव फार वाईट असतो. त्यांच्याशी मैत्री स्त्रियांनी करावी, आणि घाई करू नये.

द्राक्षमळा

पैशाचं काय करायचं? मैत्री झाली की उसने मागतात. दिले की मैत्री बिघडते, नाही दिले तरी बिघडते.

मुक्काम_पोस्ट

तुमचे बाकीचे मित्र मागत नाहीत? :) नाही म्हणायचं असेल तर सरळ नाही म्हणा, कारणांची माळ लावू नका. आम्ही दिवसभर 'नाही'च ऐकत असतो. त्याने मैत्री तुटत नाही. 'बघतो' म्हणून पुढच्या वेळी रस्ता बदललात तर तुटते.

जुनी_वही

चर्चच्या इतिहासाचा विद्यार्थी म्हणून थोडं अवांतर.

संत बेनेडिक्टने मठांसाठी लिहिलेल्या नियमावलीत दारावरच्या माणसासाठी वेगळं प्रकरण आहे (६६ वं). कोणी गरीब हाक मारेल तर दारपालाने लगेच 'देवाचे आभार' असं उत्तर द्यायचं. कोण आहे, काय काम आहे, हे नंतर. ५३ व्या प्रकरणात म्हटलंय की पाहुण्याला ख्रिस्त समजून घ्यावं, आणि गरीब व यात्रेकरू यांची जास्त काळजी घ्यावी, कारण श्रीमंतांना मान मिळवून द्यायला त्यांचा दराराच पुरेसा असतो. सहाव्या शतकातलं आहे हे.

आणि बेनेडिक्ट जोसेफ लाब्र यांच्याबद्दल कोणीच कसं लिहिलं नाही? १७४८ मध्ये फ्रान्समध्ये जन्म. मठांनी एकामागून एक नाकारलं, तेव्हा ते चालतच तीर्थयात्रेला निघाले आणि तसेच राहिले. शेवटची वर्षं रोममध्ये, मुक्काम बराच काळ कोलोसियमच्या पडक्या भागात. अंगात चिंध्या, अंगावर उवा, आणि मिळालेली भीक दुसऱ्या भिकाऱ्यांना देऊन टाकायची सवय. १७८३ च्या पवित्र सप्ताहात ते गेले, १८८१ मध्ये चर्चने त्यांना संत घोषित केलं. म्हणजे वेदीवर ज्याची तसबीर लावायची तो आज दारात आला असता तर आपल्या स्वागत समितीने काय केलं असतं, हा विचार करण्यासारखा भाग आहे.

रानवारा

उवांवरून लिहितेच. ३१ जानेवारी १९८३ ला रोमच्या तेर्मिनी स्थानकाजवळ मोदेस्ता व्हालेंती नावाची सत्तरीतली बेघर बाई आजारी पडली. रुग्णवाहिका आली, पण ती अस्वच्छ आहे, अंगावर उवा आहेत म्हणून तिला घेतलं नाही. वाट पाहता पाहता ती तिथेच गेली. सान्त एजिदियो समुदायाचे लोक तिला ओळखत होते. १९६८ मध्ये रोममधल्या शाळकरी मुलांनी सुरू केलेला हा समुदाय. तेव्हापासून दरवर्षी मोदेस्ताच्या स्मरणार्थ प्रार्थना होते, आणि रस्त्यावर मेलेल्यांची नावं एकेक करून मोठ्याने वाचली जातात. त्याच समुदायाचं नाताळचं जेवण १९८२ पासून त्रास्तेव्हेरेतल्या सांता मारियाच्या चर्चमध्येच असतं. बाक हटवून टेबलं मांडतात, आणि कोण वाढणारं, कोण जेवणारं ते ओळखू येत नाही.

नावं वाचायची तर नावं माहीत असावी लागतात. कोणाशी तरी बोलल्याशिवाय ती यादी तयारच होत नाही, म्हणून मला ती पद्धत आवडते.

ओसरी

रानवारा, हे माहीत नव्हतं. जेवण चर्चच्या आतच, हे विशेष. आपण सभागृहात किंवा मागच्या अंगणात देतो.

पाऊलखूण

फ्रान्समध्ये 'लाझार' म्हणून आहे, तिथे नोकरी करणारी तरुण मुलं आणि रस्त्यावरून आलेले लोक एकत्र सदनिकेत राहतात. पुरुषांची घरं वेगळी, स्त्रियांची वेगळी. सगळे भाडं देतात, सगळ्यांना भांडी घासावी लागतात. सरळरेघ यांचं घर आणि ओसरीताईंची मैत्री, दोन्ही एकाच दारामागे. अर्थात, सगळ्यांना हे जमणार नाही. मला जमेल असं मी म्हणत नाही.

सरळरेघ

हे आवडलं. भाडं देतात म्हणजे हक्काने राहतात, कोणाच्या कृपेवर नाही.

अबोली_२

पहिल्यांदाच लिहितेय. आमच्या मंडळीत एक काका येतात. मानसिक आजार असावा. कोणाशी बोलत नाहीत, उपासनेत मध्येच मोठ्याने काहीतरी म्हणतात. काही कुटुंबं मुलांना घेऊन लांब बसतात. मैत्री कशी करायची हे खरंच कळत नाही.

पांढरी_टोपी

अबोली, बोलणं हाच एक मार्ग नाही. त्याच ओळीत, हातभर अंतर सोडून बसा. दर रविवारी तिथेच. नजरेला नजर भिडवायची गरज नाही. अंगाला हात लावू नका, मागून जाऊन हाक मारू नका. औषधोपचाराचा विषय अनोळखी माणसाने काढायचा नसतो, तो ओळख झाल्यावर. ते जिवाला धोका होईल असं काही बोलले किंवा वागले तर मात्र वाट न बघता डॉक्टरांची मदत घ्या. आणि मुलांना खरं सांगा, की काकांना बरं वाटत नाही, म्हणून ते मोठ्याने बोलतात. मुलांना ते मोठ्यांपेक्षा लवकर समजतं.

मुक्काम_पोस्ट

ते मोठ्याने काय म्हणतात ते कधी ऐकलंय का? आमच्यातला एक जण असाच ओरडायचा. नीट ऐकल्यावर कळलं, पाळकांनी वचन वाचलं की तो पुढचं वचन म्हणायचा.

अबोली_२

नाही ऐकलं. या रविवारी ऐकते.

द्राक्षमळा

एक व्यावहारिक शंका. समजा, त्यांच्यापैकी कोणाला उपासनेत शास्त्रवाचन द्यायचं ठरवलं, आणि त्याचा बाप्तिस्मा झालेला नाही. चालेल का? आमच्याकडे वडीलजन यावरून अडून बसतील.

जुनी_वही

प्रत्येक मंडळीचे नियम वेगळे. प्रभुभोजनाबाबत पाळकांशी बोलल्याशिवाय काही करू नका. वाचनाला फारशी हरकत येऊ नये. पण आधी त्या माणसाला विचारा. वाचता येत असेल, पण चष्मा नसेल.